मेकॅनिक अजून आलेला नाही

लिफ्ट सव्वाबारा वाजता दुरुस्त झाली. हे वाक्य वाचकांनी कृपया विसरून जावं, कारण इमारतीत त्यावर कोणाचाच विश्वास बसला नव्हता. एकोणीस दिवस बंद असलेली लिफ्ट आता तळमजल्यावर दिवा लावून, दार उघडं टाकून उभी होती, आणि रहिवासी तिच्या शेजारून धापा टाकत जिना चढत होते.

"मेकॅनिक आला की सांगा हं," तिसऱ्या मजल्यावरचे काका कठड्याला धरून म्हणाले.

"मेकॅनिक मीच आहे, काका," मुलगी म्हणाली. तिच्या हातांना कोपरापर्यंत ग्रीस लागलं होतं.

"ते ठीक आहे. पण तुझ्याबरोबर कोण आलंय?"

"पाने आणि पक्कड."

काकांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि पुढची पायरी चढले.

तिचं हे पहिलंच एकटीने केलेलं काम होतं. त्याआधी तीन वर्षं ती कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची. साहेबांनी सकाळी बजावलं होतं, "पाचपर्यंत फॉर्मवर ग्राहकाची सही आण. नाहीतर फोनची खुर्ची तुझी वाट बघतेच आहे." नियम सोपा होता. सही करणाऱ्याने आधी त्या लिफ्टमधून एक फेरी मारायची.

सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टच्या दारात उभे होते, पण उंबरठ्याच्या अलीकडे.

"तसा माझा बायकांना विरोध नाही," ते म्हणाले. "घरात एक आहेच. पण हा सहा मजल्यांचा मामला आहे. मेकॅनिक येऊ दे, एकदा नजर टाकू दे, मग बसतो. थांब, कंपनीतच विचारतो."

त्यांनी फोन लावला. तो मुलीच्या खिशात वाजला. तिच्या जागी अजून कोणी आलेलं नव्हतं, त्यामुळे तक्रारींचे फोन तिच्याकडेच वळवलेले होते. तिने सवयीने उचलला.

"नमस्कार. बोला, काय अडचण आहे?"

"मॅडम, तुमचा मेकॅनिक कुठाय?" सेक्रेटरींनी तिच्याकडे पाठ करून, चार फुटांवरून विचारलं.

"पोचलेत, सर. कामही झालंय."

"झालंय? काय होतं?"

"दाराच्या कुलपाचा कॉन्टॅक्ट झिजला होता. नवा बसवलाय. सतरा वेळा वरखाली करून बघितलंय."

"वा! याला म्हणतात नीट माहिती. नाहीतर इथे एक पोरगी पाठवलीत, ती आपली दुपारपासून 'मीच मेकॅनिक, मीच मेकॅनिक' करतेय."

या फोनवर तिने तीन वर्षांत हजारदा तरी म्हटलं असेल, 'आमचा माणूस पाठवते.' आताही तेच ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"सर, जरा मागे वळता का?"

सेक्रेटरी वळले. दोघांनी फोन कानाला लावून एकमेकांकडे पाहिलं.

"फोनवर तुम्ही जास्त अनुभवी वाटता," ते शेवटी फोनमध्येच म्हणाले, आणि त्यांनी कट केला. लिफ्टमध्ये मात्र बसले नाहीत.

साडेचारला वरून कोणीतरी बटण दाबलं. दार मिटायच्या आत मुलगी फॉर्म घेऊन लिफ्टमध्ये शिरली.

सहाव्या मजल्यावर एक आजी उभ्या होत्या. पायात चपला, हातात काठी, गुडघ्याला पट्टा. एकोणीस दिवस त्या खाली उतरल्या नव्हत्या.

"तूच का ती?"

"हो, आजी."

"मला भीती वाटतेय. खोटं कशाला बोलू? बाईने केलंय म्हणजे काहीतरी राहून गेलं असेल, असं मनात येतंच. ते मनात कोणी घातलं, आता आठवत नाही." त्यांनी काठीने आतली फरशी दोनदा ठोकून पाहिली. "पण पुरुषांनी दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये मी चारदा अडकलेय. एकदा तर मेकॅनिकसकट."

त्या आत आल्या. चौथ्या मजल्याशी लिफ्ट किंचित थरथरली. आजींनी मुलीचा हात घट्ट धरला, ग्रीससकट.

"ही इथे नेहमीच थरथरते," खाली पोचेपर्यंत हात न सोडता त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. आज सगळ्यांच्या येईल."

तळमजल्यावर दार उघडलं. आजी बाहेर आल्या, थांबल्या, फाटकापलीकडच्या रस्त्याकडे डोळे भरून पाहिलं. मग हात पुढे केला. "आण तो फॉर्म."

"सही पदाधिकाऱ्याची लागते," सेक्रेटरी म्हणाले.

"रहिवाशाची चालते," मुलगी म्हणाली. या वेळी फोनशिवाय.

आजींनी फॉर्म टपालपेट्यांच्या कट्ट्यावर ठेवला. "तीस वर्षं ऑफिसात टायपिस्ट होते मी. साहेबांची पत्रं मी लिहायची, खाली सही साहेबांची. लोक म्हणायचे, साहेब काय सुंदर लिहितात!" त्यांनी सही केली. सावकाश, पूर्ण नावानिशी, खाली रेघ मारून.

सेक्रेटरींनी घसा खाकरला. मग 'लिफ्ट बंद आहे' हा बोर्ड काढून काखेत घेतला आणि उजवा पाय उंबरठ्यापलीकडे ठेवून पाहिला. काही झालं नाही. त्यांनी डावाही ठेवला.

"मी फक्त बघतोय," ते म्हणाले.

"बघा की," मुलगी म्हणाली. "सहावं बटण दाबून बघा."

दार मिटलं. फॉर्मच्या तळाशी 'ग्राहकाची विनंती' असा एक रकाना होता, जो कंपनीच्या इतिहासात कोणी भरलेला नव्हता. आजींनी चष्मा सारखा केला आणि लिहिलं:

'सदर लिफ्ट यापुढे बिघडल्यास याच मेकॅनिकना पाठविण्यात यावे. त्या रजेवर असल्यास लिफ्टने त्या दिवशी बिघडू नये, ही नम्र विनंती.'