उशाळा

"सापडला चोर!"

बाईंनी जाडजूड पुस्तक टेबलावर आपटलं, तसे आत्याच्या ताटातले चार मटार उडून जमिनीवर गेले.

बाई म्हणजे बावीस वर्षं शब्दकोश रचून चष्म्याची काच जाड करून घेतलेल्या संपादक. चोर म्हणजे टाचणी. दिसेल तो कागद टाचून ठेवायची खोड, म्हणून कचेरीने त्याला हे नाव ठेवलेलं. नऊ वर्षं तो बाईंच्या हाताखाली शिकला, दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या प्रकाशनात गेला आणि या आठवड्यात त्याचा स्वतःचा कोश बाजारात आला. एवढा कोश दोन वर्षांत उभा राहतो? बाईंना पहिल्या दिवसापासून वास येत होता.

"कशावरून चोर?" आत्याने विचारलं.

"मी सापळा लावला होता. कोशवाले मुद्दाम एखादा खोटा शब्द घालून ठेवतात, जगात नसलेला. तो दुसऱ्याच्या कोशात निघाला की समजायचं, यानं आपला माल उचलला." बाईंनी पान एक्क्याण्णव उघडून धरलं. "हा बघ. उशाळा. झोपलेल्याच्या उशाशी बसणारा अदृश्य राखणदार. माझ्या कोशाच्या शेवटच्या प्रुफात, मी माझ्या हातानं घातलेला. पेन टेकवलं आणि शब्द आपसूक उतरला. आणि आता हा ह्याच्याकडे!"

आत्याचे हात थांबले.

"तू असा शब्द छापलास? बोलली नाहीस कधी."

"तू माझा कोश कधी उघडतेस?"

आत्या वाकून मटार गोळा करू लागली. चारच होते, पण तिला बराच वेळ लागला.

"सोडून दे," ती खालूनच म्हणाली. "एका शब्दापायी कुणाच्या पोटावर पाय देऊ नये."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. भाजीवाल्याशी एका टोमॅटोवरून अर्धा तास भांडणारी ही बाई आज एवढी मऊ कशी? टाचणी पूर्वी या घरी जेवायला असायचा, आत्याचा लाडका. पडद्याआड काही शिजलंय का?

"तो येऊन गेला का तुझ्याकडे?"

"कोण? नाही गं. मला मेलीला काय कळतंय तुमच्यातलं. पण जाऊ नकोस."

बाईंनी विषय तिथेच सोडला. त्या तीन वर्षांच्या असताना आई तापात गेली, तेव्हापासून आत्यानेच वाढवलेलं. वडील गेले तेव्हाही घर तिनेच सावरलं. तिच्यापुढे आवाज चढवणं बाईंना जमत नसे. संशय मात्र मनातून जाईना.

सकाळी आत्या चहा घेऊन आली. "एवढा ऐसपैस पलंग, आणि तू पालीसारखी भिंतीला चिकटून," ही तिची रोजची थट्टा. आज ती कप ठेवून निमूट निघून गेली. बाईंनी तेही मनात टिपून ठेवलं.

अकरा वाजता त्या टाचणीच्या कचेरीत हजर झाल्या.

"बाई! बसा ना," टाचणी धडपडत उठला.

"बसायला आले नाही. पान एक्क्याण्णव, उशाळा. कुठून आणलास?"

"ऐकला."

"ऐकलास?" बाईंना हसूच आलं. "मी बनवलेला शब्द तू ऐकलास! उद्या वकिलाची नोटीस येईल. तुझा कोश दुकानादुकानातून परत येईल, आणि या धंद्यात तुला पुन्हा कुणी उभं करणार नाही. नऊ वर्षं शिकवलं रे तुला मी. त्याची लाज वाटते."

"तुमच्या कोशात तो आहे हे मला आत्ता कळतंय, बाई. काम संपेपर्यंत तुमचा कोश उघडायचा नाही, असं ठरवलं होतं मी. चुकून हात मारला जाईल म्हणून. आणि हा शब्द एकाच तोंडून ऐकलेला, घालू की नको, असं झालं होतं मला." त्याने कपाटातून एक खण ओढून काढला. "कुणाकडून, कधी ऐकला त्याची चिठ्ठी आहे ना. तुमचीच शिस्त."

बाईंनी चिठ्ठी घेतली ती वाचायला नव्हे, पकडायला. शाई नवी असणार, कागद कोरा असणार. पण चिठ्ठीला टोचलेल्या टाचणीचा गंज कागदात उतरला होता. तारीख त्यांचा कोश छापायच्या सहा महिने आधीची होती. तेव्हा शेवटचं प्रूफ निघालंही नव्हतं आणि हा शब्द त्यांच्या डोक्याबाहेर कुठेच नव्हता.

त्या खुर्चीवर बसल्या.

"वाक्य मधे तोडलं नाही," टाचणी म्हणाला. "बोलणारा थांबेपर्यंत लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंत."

बाईंनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

'सांगणारी: स्त्री, वय बहात्तर. वृद्धाश्रम, खोली चार.

उशाळा आलाय गं, भिंतीकडे सर, त्याला जागा दे, असं म्हटलं की आमची पोर झोपायची. हा शब्द बाहेर कुणी म्हणत नाही, तिच्यासाठी मीच केलेला. तीन वर्षांची होती. तापात मला माहेरी धाडलं, तिला नणंदेने ठेवून घेतली, मला पुन्हा दार उघडलं नाही. अजूनही भिंतीला लागूनच झोपत असेल.'