सांध्यावरचा आळ

बहिणीचं लग्न झालं त्याच वर्षी थोरल्याने कारखान्यात टायटॅनियम अॅल्युमिनाइड या मिश्रधातूचे दोन तुकडे वेल्डिंगने झकास जोडले. जेवून येतो तर सांधा आरपार तडकलेला, आणि शेजारी तिथेच कामाला असलेला धाकटा भाऊ उभा.

"लग्नात मला मान मिळाला म्हणून जळलास! हातोडा घातलास ना?"

"दादा, शिवलो असेन तर हात झडतील माझे."

"चालता हो. पुन्हा तोंड दाखवू नकोस!"

नऊ वर्षांनी, बुधवारी, तोच धातू पुन्हा थोरल्याच्या हाती आला. या वेळी तुकडे जोडून झाल्यावर तो सांध्यापासून हलला नाही. गार होता होता सांधा, कुणीही न शिवता, टण्णकन तडकला. थोरला तसाच उठून धाकट्याच्या घरी गेला.



दादाला कळवायचं नाही, असं बजावून धाकटा सोमवारीच वारला होता.