भिंतीवरचं वजन

पोर्तालेग्रेची मोटार-रॅली आठवड्यावर आली, तरी माझा नवरा अल्बानो शर्यतीसाठी आमची आलिशान जीप सोलतच होता. चामड्याच्या सीटा, गालिचे, स्पीकर, जे निघेल ते आमच्या दुकानातल्या मांसाच्या वजनकाट्यावर तोलून आकडा खडूने भिंतीवर लिहायचा. “एकेक किलो नडतो, ओदेत!” हे वेड ताटापर्यंत पोचलं. महिनाभर त्याने माझ्या हातच्या सॉसेजला बोट लावलं नाही. आज मी भडकले. “वीस वर्षं प्रत्येक रॅलीत शेजारी बसून तुला रस्ता सांगतेय, कंबरेचा भुगा झालाय. आता मलाही चढव काट्यावर!” “आधी बस, मग भांड,” तो म्हणाला. शर्यतीच्या कडक सीटवर बसले, तर कंबरेला ऊब लागली. जुन्या सीटमधली गरम होणारी गादी त्याने गुपचूप इथे बसवली होती. मी भिंतीकडे पाहिलं. शेवटी लिहिलं होतं: “ओदेतची कंबर, अधिक दोन किलो.” त्याखाली: “अल्बानोचं पोट, उणे दोन.”