बियाण्याची ज्वारी

ज्वारी तव्यात पडणार, तेवढ्यात नागूबाईनं सुनेच्या हातातलं सूपच हिसकावलं.

"बियाणं भाजायलीस? कामून गं, घराला भीक लावायलीस?"

"आत्या, चित्राला चिकटवायची हाय ती. भाजलं न्हाई तर दाणे टिकत न्हाईत, किडा लागतोय."

"मग ऊन दाखव. बियाण्याला तवा दाखवला की शेत रुसतंय."

आता सासूपुढं कोण बोलणार? पल्लवीनं ज्वारी गच्चीवर पसरली. पण श्रावणातलं ऊन ते केवढं! घटकाभर तोंड दाखवून जायचं.

तसं घरात खायच्या ज्वारीचं पोतं होतं. पण कोहिनूर गावच्या शाळेत पल्लवी कधीपासूनची हंगामी हस्तकलेची बाई, आणि हे धान्याचं चित्र शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांचं, बंडेप्पांचं. त्यांच्या साठीचा सत्कार होता. खूश झाले तर कायम करतील, एवढी एकच आशा. चेहऱ्याला तुरीची डाळ, मिशीला काळे तीळ, डोळ्यांना सीताफळाच्या बिया. राहिलं टक्कल. त्याला निवडक, टपोरी, चकचकीत अशी बियाण्याचीच ज्वारी हवी होती.

आणि टकलाचंच तर भ्या होतं. एका मास्तरनं भर सभेत नुसतं "चकाचक" म्हटलं, तर त्याची बदली थेट औरादच्या शाखेत झाली. बिचारा अजून तिकडंच आहे.

दाणे डिंकात बसवून पल्लवीनं चित्र नागूबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि ओसरीवर ठेवलं. मग लागली आठवडाभराची झड. लुगडं भिजलं ते वाळायचं नाव घेईना. उघडलं तर डिंक सुटेल, म्हणून तिनं हातच लावला नाही. सत्काराला तसंच जीपमध्ये घालून नेलं.

टाळ्या पडल्या. बंडेप्पांनी स्वतःच्या हातानं लुगडं ओढलं.

टाळ्या थांबल्या. चित्रातल्या टकलावर बोटभर लांब पोपटी कोंब आले होते. दाट, मऊ, सगळे एका बाजूला कललेले. डाळीचा चेहरा मात्र जसाच्या तसा.

पोरं हसू दाबून लाल झाली. सचिव सिद्धराम छताकडं बघू लागला. पल्लवीनं ओळखलं, कायम राहिलं बाजूला, हंगामी पण गेलं, आणि तोंड दाखवायलाही जागा उरली नाही. मनातल्या मनात तिनं सासूला काय काय म्हटलं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

बंडेप्पा जवळ गेले. चष्मा पुसून परत लावला. हळूच कोंबांवरून हात फिरवला, एकदा, परत एकदा. हात काही मागं येईना.

"सिद्धराम," ते हळू आवाजात म्हणाले, "बाईला कायम करून टाका."

मग जरा लाजत, अजून हळू:

"आन् कंगवा हाय का बघा कुणाकडं."