पट्ट्याचं पाचवं भोक

एकशे चार.

घड्याळजीने बायकोचं मनगट सोडलं नाही. सेकंदकाटा बारावर येताच त्याने पुन्हा मोजायला घेतलं. रोज सकाळी, अंथरुणातून उठण्याआधी, पूर्ण एक मिनिट, असा डॉक्टरांनी नेम घालून दिला होता. दुसऱ्या वेळी एकशे सहा भरले.

"किती?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

"सदुसष्ट."

"बघा! आणि म्हणे माझ्याच्याने व्हायचं नाही."

तो म्हणाला होता खरा. पण बाईने मनावर घेतलं आणि चौदा किलो उतरवून दाखवलं. वजनामागोमाग नाडीही चौऱ्याऐंशीवरून सहासष्टवर आली. "काळजाचा भार हलका होतोय," डॉक्टर खूश होते. "फक्त एक लक्षात ठेवा. वजन उतरतंय आणि नाडी चढतेय असं दिसलं, तर एक दिवसही थांबू नका."

तसं दिसू लागल्याला आता आठ दिवस झाले होते. ती पुन्हा पोटभर जेवू लागली होती, तरी वजन उतरतच होतं.

घराखालच्या दुकानात येताच त्याने नाडी मोजायचं ते घड्याळ खिशातून काढून पुढ्यात ठेवलं. कालच खोलून धुतलं होतं, तेल दिलं होतं. हे मागे पडत असणार, मिनिट लांबत असणार, म्हणूनच ठोके जास्त भरतात, असं त्याने ठरवून टाकलं होतं. एवढं मागे पडणारं घड्याळ मुळात चालतच नाही, हे चाळीस वर्षं याच धंद्यात काढलेल्या माणसाला कळत नव्हतं थोडंच! पण तो घाबरला होता. दहा वाजता त्याने घड्याळ रेडिओच्या वेळेशी जुळवलं आणि बारापर्यंत समोर ठेवून बसला.

बाराला रेडिओ वाजला. अर्ध्या सेकंदाचाही फरक नव्हता.

तेवढ्यात बायको आली. दुकानाच्या तीन पायऱ्यांनी तिला दम लागला होता. तिने मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्यापुढे ठेवलं.

"अहो, आणखी एक भोक पाडा. पार कोपरापर्यंत जातंय."

पट्ट्याला जादाची चार भोकं त्यानेच पाडली होती, दर वेळी तिची थट्टा करत. त्याने टोच्या उचलला. पाचवं भोक पाडायला पट्ट्यावर जागाच उरली नव्हती.

"शेजारीण विचारत होती, काय जादू केलीस म्हणून," ती स्टुलावर टेकत हसली. "आणि तुम्ही काय त्या एकाच घड्याळाच्या मागे लागलाय? सापडला का बिघाड?"

त्याने टोच्या खाली ठेवला. उठून भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. डोळ्यावरचं भिंग मात्र काढलं नाही.

"घड्याळ बरोबर आहे," तो म्हणाला.