कादरची जुनी होडी

धरणाच्या नव्या पाण्यात वाट बुडाली होती. पलीकडच्या वाडीतल्या नथूला कुसगावहून सुईण न्यायची तर होडी हवी होती. बायकोचे दिवस भरत आले होते. लांबचा वळसा घालून तो कुसगावात कादरची जुनी होडी विकत घ्यायला आला. त्यानं ती पाण्यात लोटली, तशा फटींतून धारा लागल्या.

"कादरभाऊ, ही तर चाळण हाय!"

कादरनं होडीत दगड भरले आणि ती बुडवून ठेवली. "उन्हानं फळ्या सुकल्यात. भिजून फुगल्या की फटी मिटत्यात. परवा ये."

तिसऱ्या दिवशी होडी वर काढली. आत पाणी येईना, तरी नथूचा पाय उचलेना.

"जुनी होडी घेताना बघायचं, इकणारा आपलं माणूस तिच्यात बसवतो का," म्हणत कादरनं आईला हाक मारली.

जैतुनबी सुईण गाठोडं घेऊन होडीत बसली. "चल रं नथू, बाळ येईस्तवर तुज्याकडंच ऱ्हाते."