दाजींचं तैलचित्र

बंबवाला आज तुळतुळीत दाढी करून आला होता. आज चेहऱ्याचा दिवस, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. गणवेशाची बटणं बायकोने घासून लखलखीत केली होती. निघताना तिने बजावलं, मान आखडून बसू नका, माझ्या भावाला उगाच त्रास होईल. बैठकीतलं घड्याळ तर तिने कालच भिंतीवरून उतरवलं होतं. चित्राला जागा नको?

तिचा भाऊ चित्रकार. आगीच्या बंबावर हयात घालवलेल्या दाजींना त्याने आपण होऊन विचारलं होतं, गणवेशात तुम्हाला रंगवू का म्हणून. तेव्हापासून बंबवाल्याचे पाय जमिनीवर नव्हते. सांगून सांगून त्याने दलातल्या सगळ्यांना वात आणला होता. खिडकीजवळच्या खुर्चीत तो पुतळ्यासारखा बसे, नाकाला खाज सुटली तरी हलत नसे. पुरं होईपर्यंत चित्र दाखवायचं नाही ही मेहुण्याची रीत, म्हणून त्याने कधी डोकावूनही पाहिलं नाही.

"आज फक्त उजवा हात, दाजी," मेहुणा रंग कालवत म्हणाला. "मग तुम्ही सुटलात."

"आणि चेहरा?"

"तो केव्हाच झाला."

बंबवाला उठला आणि कॅनव्हाससमोर जाऊन उभा राहिला. छाती त्याची होती, रुंद खांदे त्याचे होते. कोपरापाशी पडलेली चुणीसुद्धा त्याचीच. वर मात्र दलाचे मोठे साहेब रुबाबात हसत होते. त्यांचा फोटो कडेला चिमट्याने लावलेला होता.

मेहुण्याने मान खाली घातली. साहेबांना बसायला सवड नसते, शिवाय त्यांच्या अंगावर गणवेश नुसता लोंबतो, असं काहीबाही तो पुटपुटला. खरं सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता, हेही म्हणाला. परक्याने असं केलं असतं, तर बंबवाल्याने त्याला चार शिव्या घातल्या असत्या. हा घरचा होता.

"बसा ना, दाजी. हातावरचा भाजल्याचा डाग गाळू का, विचारलं मी. साहेब म्हणाले, असू दे, शोभून दिसतो."

बंबवाला आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने गणवेशाचा कोट उतरवला, झटकला, खुर्चीच्या पाठीवर नीट अडकवला आणि नुसत्या बनियनवर दाराशी गेला.

"कोट दलाचा आहे, तो ठेव," तो म्हणाला. "हात मी घेऊन जातो."